तिसऱ्या सिलिंडरची साक्ष

प्लग म्हटलं की आपल्या पिढीला आधी चार्जर आठवतो. ‘यंदाच्या अंकासाठी प्लगवर लिहितेय’ असं मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा दोघींनी ‘किती वॉटचा?’ असंच विचारलं. हा प्लग निराळा. पेट्रोलच्या गाडीत इंजिनच्या माथ्यावर आट्यांनी घट्ट बसवलेला, वरून पांढऱ्या चिनी मातीचा, खाली लोखंडाचा. त्याच्या टोकाशी दोन धातूंमध्ये एक फट असते, एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षा किंचित कमी. त्या फटीतून ठिणगी उडते, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटतं, पिस्टन खाली ढकलला जातो आणि गाडी पुढे जाते. तीन हजार आरपीएमवर एकेका प्लगला सेकंदाला पंचवीस ठिणग्या द्याव्या लागतात. त्यातल्या चार-दोन चुकल्या की गाडी झटके खाते.

याला मेकॅनिकांच्या मराठीत ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात. मला हा शब्दप्रयोग फार आवडतो. कोशात ‘मिसफायर’ला नीटसा मराठी शब्द सापडत नाही, पण गॅरेजात तो केव्हाच तयार झालाय. चार भावांपैकी एकजण जेवायच्या वेळी पंगतीत नसावा, तसा एक सिलिंडर गायब. बाकीचे तिघं त्याचं ओझं ओढतात आणि सगळं घर थरथरतं. ठिणगीला मात्र तिथे कुणी ठिणगी म्हणत नाही. तिला ‘करंट’ म्हणतात. ठिणगी आपण कवितेत वापरून वापरून संपवलीये, त्यामुळे मला हेही बरंच वाटलं.

मिसिंग सुरू झालं की शेजारी, टॅक्सीवाले, पेट्रोल पंपावरचा मुलगा, सगळ्यांचा सल्ला एकच असतो: प्लग बदल. प्लग स्वस्त असतो, हाताशी असतो, एका पान्यानं निघतो. काढल्यावर काळा दिसला की झालंच, गुन्हेगार सापडला. माझं म्हणणं असं की प्लग बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो, साक्षीदार असतो. आत घडलेलं सगळं त्यानं पाहिलेलं असतं आणि ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. आपण काय करतो, तर त्याची जबानी न घेता त्याला कचऱ्यात टाकतो आणि जागेवर असा नवा साक्षीदार आणून बसवतो, ज्यानं काहीच पाहिलेलं नाही.

हे मला कळलं ते एका प्रीमियर पद्मिनीमुळे. मुंबईत वाढलेल्या कुणालाही ही गाडी वेगळी सांगायला नको. काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तीच. मूळ इटलीची फियाट ११००, पण कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती आपली झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्बोरेटर, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ ला उतरली. तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि स्टेटसवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे फोटो लावून सगळ्यांनी जो काही हळवेपणा केला, त्यात मीही होते. एक खरीखुरी पद्मिनी आपल्या आजोळी अजून चालते, याचं मात्र तेव्हा फारसं काही वाटलं नव्हतं.

माझं आजोळ दिवाडी. जुन्या गोव्यासमोर मांडवीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेलं बेट, जिथे जायला अजून फेरीबोटच लागते. बेटाच्या पलीकडच्या अंगाला नार्व्याचा धक्का, म्हणजे डिचोली तालुका. आजोबांनी १९८१ साली, बरीच वर्षं नंबर लावून, मुंबईत ही गाडी घेतली आणि निवृत्त झाल्यावर घाट उतरवून बेटावर आणली. २०११ मध्ये ते गेले. गाडी मामाकडे आली, आणि गाडीबरोबर एक वही.

या वहीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, गाड्यांची नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मला खरोखर वाचता आलेली ती पहिली गोष्ट. आजोबा प्रत्येक दुरुस्ती त्यात लिहीत. तारीख, किलोमीटर, काय केलं. भाषा अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी, मधूनच कोकणी. ‘प्लग साफ. गॅप ०.६.’ ‘पॉइंट घासले.’ ‘नवे प्लग, चारही.’ नव्या प्लगांची नोंद साधारण दर दहा हजार किलोमीटरला येते, मधे एकदा-दोनदा साफसफाई. तीस वर्षं हाच ताल. २००० साली एक वेगळी ओळ आहे: ‘प्लगचा रंग बदलला. शिसं नाही म्हणून?’ त्या वर्षी १ फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल सुरू झालं होतं. आधीच्या पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलेलं असे आणि त्याचा करडा-पिवळट थर प्लगवर बसे. आजोबांनी बातमी प्लगवर वाचली होती.

त्याच वहीत, मामाच्या अक्षरात, गेल्या वर्षातल्या चार महिन्यांत तीनदा ‘प्लग बदलले’ असं होतं. तिन्ही नोंदींमध्ये मिळून दोन हजार किलोमीटरसुद्धा नव्हते. जो शब्द दहा हजारांनी यायचा, तो सहाशे-सातशेनं यायला लागला, तर मजकुरात काहीतरी बिनसलंय हे कळायला इंजिन कळावं लागत नाही.

बिनसलं होतं ते जून महिन्यात उघड झालं होतं. मामा आजीला घेऊन नार्व्याच्या धक्क्यावर उतरत होता. फेरीबोटीतून गाडी बाहेर काढली की ओला, शेवाळलेला चढ लागतो. त्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. मागे पाणी, मागे इतर गाड्या, हँडब्रेक कसाबसा धरलेला, आणि पुढच्या सीटवर एक्क्याऐंशी वर्षांची आजी. लोकांनी ढकलून गाडी वर घेतली. आजीनं नंतर सांगितलं की तिची रोझरीची एक पूर्ण दशकं म्हणून झाली तेव्हा कुठे चाकं सुक्यावर आली. ती हसत सांगत होती, पण मामाला हसू येत नव्हतं. त्यानंतर आजीला त्यानं गाडीत बसवलं नाही. रविवारच्या मिस्साला ती शेजाऱ्यांच्या गाडीतून जाऊ लागली.

शहरातल्या एका गॅरेजनं तिसरा प्लग काळा बघून निदान केलं होतं: रिंगा गेल्या, तेल वर चढतंय, हेड उघडावं लागेल. अंदाज पस्तीस हजारांचा. त्यात २०२६ मध्ये गाडीची नोंदणी संपते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती फी दहा हजार रुपये झाली. ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची लागते. आमची २०३१ साली होईल. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती म्हातारी आहे, पण मानाची म्हातारी नाही. मामानं भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. गणपतीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा तो म्हणाला, ‘‘मेस्त्रीला एकदा दाखवतो. तो हेड उघड म्हणाला तर मी गाडी देऊन टाकणार. पस्तीस आणि दहा, पंचेचाळीस हजार मी या डब्यात घालणार नाही.’’

हे मेस्त्री नार्व्याचे. सप्तकोटेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. डिचोलीकडच्या बहुतेक मेकॅनिकांचा हात खनिजाच्या ट्रकांवर बसलेला, म्हणजे डिझेलवर. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतोच. तिथे हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तसे पुष्कळ जण इतर कामांकडे वळले. हे मेस्त्री मात्र तरुणपणी म्हापशाला पेट्रोलच्या जुन्या टॅक्स्यांवर शिकलेले. चवथीला गॅरेज बंद होतं. दीड दिवसाचा गणपती पोचवून आले आणि त्यांनी शटर वर केलं.

देवळाचा एक संदर्भ इथे लागेल. सप्तकोटेश्वर मुळात दिवाडी बेटावरचा, बेटावरच्या जुन्या नार्व्यातला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात ते देऊळ पाडलं गेलं आणि देव नदीपलीकडे आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, आणि अलीकडे पुन्हा दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये ते खुलं झालं. हा इतिहास दिवाडीच्या कॅथलिक घरातल्या मुलीला कसा ऐकवायचा, हा प्रश्न मेस्त्रींना पडला नाही. गाडी बघून म्हणाले, ‘‘बाब, तुमच्या दिवाडीचा देवसुद्धा इथे येऊनच सुखी झाला. गाडी पण होईल.’’ मामा हसला. मीही हसले, पण ते वाक्य फेरीबोटीत परत जाताना माझ्याबरोबर होतं.

गॅरेजात गाडी एकदम शहाण्यासारखी चालली. ‘‘डॉक्टरसमोर ताप उतरतो,’’ मेस्त्री म्हणाले. त्यांनी आधी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि महिनाभर पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाण्याचा थर जमू शकतो. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण थोडं पातळ होतं, आणि जुन्या रबरी नळ्याही त्यानं खराब होतात. ‘‘पेट्रोल भरतो की हुर्राक, कळत नाही,’’ असं म्हणत त्यांनी बाटली ठेवली. थर नव्हता. मग इंजिन चालू ठेवून रबरी मुठीच्या पकडीनं एकेक प्लगची वायर क्षणभर काढून पाहिली. वायर काढल्यावर आवाज पडला, तर तो सिलिंडर कामावर आहे. चारही वेळा पडला. चारही भाऊ पंगतीत हजर.

म्हणजे गाडी खोटं बोलत होती. मग त्यांनी प्लग काढले. इंजिन गार होईपर्यंत थांबून, कारण या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम असताना जोर लावला की आटे निघून येतात. चार प्लग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. पहिला, दुसरा, चौथा फिकट तपकिरी, पाण्यात पडलेल्या बिस्किटाच्या रंगाचे. तिसरा काळा.

मेस्त्री अर्धं कोकणीत, अर्धं मराठीत म्हणाले, ‘‘प्लग उलयता, बाय. आपण गप्प बसायला पाहिजे.’’

प्लगची भाषा तशी फार मोठी नाही. फिकट तपकिरी किंवा करडा म्हणजे सगळं ठीक. पांढराफटक, टोकं वितळल्यासारखी, म्हणजे आत फार तापतंय: मिश्रण पातळ, किंवा टायमिंग पुढे, किंवा प्लगच चुकीचा. कोरडी मखमली काजळी म्हणजे पेट्रोल पूर्ण जळत नाही: मिश्रण जाड, चोक अडकलेला, किंवा करंट कमजोर. ओला, चिकट, चकचकीत काळा म्हणजे इंजिन ऑइल, आणि तेव्हाच रिंगा किंवा व्हॉल्व्हचा संशय घ्यायचा. घोटाळा असा की शेवटचे दोन प्रकार घाईत सारखेच दिसतात. गाडी बंद पडल्यावर लगेच काढलेला प्लग पेट्रोलनंही ओला असतो. मेस्त्रींनी तिसरा प्लग कागदावर टेकवून उन्हात ठेवला. दहा मिनिटांत डाग उडून गेला आणि खाली नुसती काजळी राहिली. तेल असतं तर भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक डाग तसाच राहिला असता. पस्तीस हजारांचं निदान दहा मिनिटांच्या उन्हात वाळलं.

अजून एक शक्यता होती: तीनदा बदलताना प्लगच चुकीचे पडले असतील. प्लग निवडणं ही खरं तर वेगळीच गंमत आहे आणि दुकानात ती कुणी सांगत नाही. आट्यांचा व्यास बरोबर असला म्हणजे प्लग चालतो असं नाही. आट्यांची लांबीही जुळावी लागते. जास्त लांब प्लग पिस्टनला आपटू शकतो, आखूड असला तर हेडच्या रिकाम्या आट्यांत कार्बन साचतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्लगचा स्वभाव, गरम की थंड. याचा अर्थ ठिणगी गरम-थंड असा नाही. प्लग आतली उष्णता किती लवकर बाहेर सोडतो, एवढाच त्याचा अर्थ. चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता हळू निघते, तो गरम प्लग. आखूड असेल तर थंड. टोक साधारण साडेचारशे अंशांवर गेलं तरच काजळी स्वतः जळून साफ होते, आणि साडेआठशे-नऊशेच्या वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटायला लागतं. बेटावर चर्च, बाजार, धक्का एवढंच हळूहळू फिरणाऱ्या गाडीत फार थंड प्लग घातला तर तो कधी साफच होणार नाही.

हा स्वभाव डबीवर आकड्यात लिहिलेला असतो, आणि इथे खरी मजा. एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये आता जितका मोठा तितका गरम. पण बॉशच्याच जुन्या पद्धतीत, जी मायको नावानं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली, ते उलटं होतं: डब्ल्यू १७५ पेक्षा डब्ल्यू २२५ थंड. तोच १७५ नव्या पद्धतीत डब्ल्यू ७ झाला आणि २२५ झाला डब्ल्यू ५. आजोबांच्या वहीत जुने आकडे, दुकानात नवे. ‘मोठा नंबर दे’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला काय मिळेल, ते कंपनी आणि साल यांच्यावर अवलंबून. पाठांतर उपयोगाचं नाही, मॅन्युअल किंवा कंपनीचा तक्ता उघडून जोडी लावावी लागते. मी मामाच्या फोनवर ती लावली. मामाचे प्लग बरोबर निघाले, फटही ०.६ ते ०.७ च्या मधे. पॉइंटवाल्या जुन्या गाड्यांना एवढीच लागते. हल्लीच्या गाड्यांसारखी एक मिलिमीटरची फट ठेवली तर जुनी कॉइल तिथे धापा टाकते.

मामाच्या एका मित्रानं इरिडियमचे प्लग सुचवले होते, किंमत कितीतरी पट. इरिडियमचं टोक बारीक असतं, ठिणगीला कमी व्होल्टेज लागतं, आयुष्य मोठं असतं, हे सगळं खरं. पण वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या पद्मिनीत ते घालणं म्हणजे फेरीबोटीला विमानाचं तिकीट काढणं. आणि दुखणं दुसरीकडे असेल तर ते महागात झाकलं जातं, एवढंच. हे झाकणं काय असतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मेस्त्रींनी तिसऱ्याचा काळा प्लग साफ करून दुसऱ्या सिलिंडरमध्ये लावला आणि दुसऱ्याचा स्वच्छ प्लग तिसऱ्यात. बाकी कशालाही हात नाही. मामाला सांगितलं, संध्याकाळी पाऊस लागला की धक्क्याच्या चढावर चार-पाच फेऱ्या मार आणि तशीच परत आण. चढावर गाडीनं झटके दिले. परत आणून, गार करून प्लग काढले. काळा झालेला प्लग तिसऱ्या सिलिंडरमधलाच होता, म्हणजे जो आदल्या दिवशी बिस्किटासारखा होता तो. आधीचा काळा प्लग दुसऱ्या घरात जाऊन गुण्यागोविंदानं नांदत होता. रोग प्लगबरोबर फिरला असता तर प्लग दोषी. तो घरातच राहिला. एका पैशाचा खर्च नाही, आणि चार महिन्यांतल्या बारा प्लगांची निर्दोष मुक्तता.

मग कॉम्प्रेशन मोजलं. चारही जवळजवळ सारखे. राहिली वायर, नाहीतर डिस्ट्रिब्युटरचं झाकण.

त्यानंतरचा भाग मी कधी विसरणार नाही. अंधार पडल्यावर मेस्त्रींनी गॅरेजचे दिवे घालवले. दार सताड उघडं, पेट्रोलचा डबा लांब ठेवलेला. बॉनेट वर, इंजिन सुरू. इस्त्रीच्या कपड्यांवर मारतात त्या फवाऱ्याच्या बाटलीतून त्यांनी वायरींवर पाण्याचं नुसतं धुकं सोडलं. एक सेकंद काही नाही. मग तिसऱ्या वायरच्या मधोमध, जिथे ती एका लोखंडी पट्टीला टेकून जाते, तिथे निळा जांभळा काजवा उडायला लागला. टिक, टिक, टिक. आणि प्रत्येक टिकेबरोबर इंजिनची एक चूक. प्लगमध्ये जायची ठिणगी वाटेतच उडून चालली होती. वर्षानुवर्षं घासून तिथलं रबर पातळ झालं होतं. दिवसा उजेडात ते नुसतं धुळकट दिसत होतं.

मामा बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्यानं विचारलं ते माझ्याही मनात होतं: मग नवे प्लग घातल्यावर दर वेळी पंधरा दिवस गाडी बरी का व्हायची?

मेस्त्रींनी सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. बॅटरी बारा व्होल्टची. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइल त्याचे दहा-वीस हजार व्होल्ट करते. पण विजेला प्लगबद्दल काही आस्था नसते, ती सोप्या वाटेनं जाते. नव्या प्लगच्या कडा धारदार असतात, ठिणगी उडायला कमी व्होल्टेज पुरतं, तेव्हा फटीची वाट सोपी. काही दिवसांत कडा झिजून गोल होतात, मागणी जराशी वाढते. त्यात पाऊस, वायर ओली. आणि त्यात चढ: ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी जायला आणखी व्होल्टेज लागतं. त्या क्षणी फटीपेक्षा वायरची फाटकी जागा सोपी होते. म्हणून सपाट रस्त्यावर गाडी गात जायची आणि नेमकी फेरीच्या ओल्या चढावर, आजी बसलेली असताना, गप्प व्हायची. नव्या प्लगनं दुखणं बरं केलं नव्हतं. त्यानं फक्त तक्रार थोडे दिवस लांबवली होती.

वायरचा संच डिचोलीत मिळाला नाही. मी मुंबईला परतल्यावर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन दुकानं फिरून घेतला, म्हणजे जिथे या गाडीचा जन्म झाला त्याच कुर्ल्यात. कारखान्याच्या जागेवर आता उंच इमारती आहेत. दुकानदारानं ‘पद्मिनी?’ असं दोनदा विचारलं आणि मग वरच्या फळीवरचं खोकं काढायला स्वतः शिडीवर चढला. सातशे रुपयांच्या आत काम झालं. पार्सल नार्व्याला मेस्त्रींच्या पत्त्यावर गेलं. त्यांनी चारही वायरी बदलल्या, डिस्ट्रिब्युटरचं झाकण आतून पुसून भेगा तपासल्या, आणि वायरी पट्टीपासून लांब राहाव्यात म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मधे बसवला. या शेवटच्या गोष्टीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पीयूसीला गाडी आधी नापास झाली होती. न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमधून बाहेर पडत असेल तर हायड्रोकार्बनचा आकडा चढणारच. आता पास झाली. मामानं पावतीचा फोटो पाठवला, खाली एकही शब्द न लिहिता. मी वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो मागितला. त्यात तारीख, किलोमीटर, आणि मामाच्या तिरक्या अक्षरात: ‘वायरी बदलल्या. प्लग जुनेच.’

नोंदणी वाढवायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. दहा हजार हा आकडा मामा अधूनमधून मोठ्यानं म्हणून बघतो. भंगारवाल्यानं दोनदा फोन केला होता, मामानं उचलला नाही. आजी रविवारी पुन्हा पुढच्या सीटवर बसते, पण फेरीचा चढ आला की अजून मामाला म्हणते, थांब, मी उतरून चालत जाते.